दोन वर्षांचं मूल कोणाच्या खात्यात?

अंगणवाडीच्या नोंदवहीत दोन वर्षांच्या मुलाचं नाव असतं. वजन असतं, उंची असते, कोणती लस कधी टोचली याची तारीख असते. सतरंजीवर त्याला जागा मात्र नसते. एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या रचनेप्रमाणे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाचा आहार पाकिटातून घरी जातो. गरम ताजा आहार आणि पूर्वशालेय शिक्षण हे तिसऱ्या वाढदिवसानंतर. त्यामुळे थोरल्या बहिणीचं बोट धरून अंगणवाडीत आलेलं दोन वर्षांचं पोर तिथे पाहुणं असतं. ताई मायाळू असली तर त्याला मांडीशी बसवते, खिचडीचे चार घास भरवते. पण तिच्या दिवसाच्या आखणीत त्याच्या नावाचं काही नसतं.

शहरातलं त्याच वयाचं मूल प्लेग्रुपमध्ये असतं. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर दप्तर, दप्तरात डबा आणि कपड्यांचा एक जादा जोड. आठवड्याचं वेळापत्रक आईच्या फोनवर आलेलं असतं: सोमवारी पिवळा रंग, बुधवारी त्रिकोण. या दोन टोकांच्या मध्ये आजीची मांडी आहे, शेजारच्या काकूंचं पाळणाघर आहे, बांधकामावरच्या सळ्यांना बांधलेली झोळी आहे आणि आठ-नऊ वर्षांच्या बहिणीची कंबर आहे. महाराष्ट्रातली दोन वर्षांची बहुतेक मुलं दिवसाचे काही तास यांपैकी कुठेतरी काढतात.

कायद्याच्या आणि धोरणाच्या नजरेला हे वय नीट दिसत नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन व शिक्षण ४५ व्या कलमात मार्गदर्शक तत्त्व म्हणून ठेवलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ५+३+३+४ अशी रचना मांडली आणि तिची पहिली पायरी तीन वर्षांवर ठेवली. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते आठ वयाचाच. शून्य ते तीन हा काळ मुख्यतः घराचा, असं तो गृहीत धरतो. गृहीतक चुकीचं नाही. पण ज्या घरात आई उजाडायच्या आत ऊसतोडीला जाते, किंवा सकाळी आठच्या लोकलला लटकते, त्या घरात तो काळ घराचा कसा राहील? मग दोन वर्षांचं मूल दिवसातले तीन तास किंवा नऊ तास परक्या हातांत असेल, तर त्या हातांकडून काय मागायचं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर शोधताना मला पुन्हा पुन्हा एकाच जागी यावं लागलं. सांभाळणारी बाई वेगळी आणि शिकवणारी बाई वेगळी, ही आपल्या डोक्यातली फाळणीच या वयाला लागू पडत नाही. दोन वर्षांच्या मुलाला जो सांभाळतो तोच त्याला शिकवत असतो.

आधी हे मूल असतं कसं ते पाहू. ते पळतं, पण वळताना पडतं. जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतं. सहाएक ठोकळे एकावर एक रचू शकतं. हातात खडू दिला तर गिरगटतं, फार तर उभी रेघ ओढतं. वर्तुळाची नक्कल करायला साधारण तिसरं वर्ष उजाडतं आणि चौकोनाला चौथं. मनगटात पुढे जी आठ छोटी हाडं व्हायची, त्यांतली या वयात दोन-तीनच हाड म्हणून तयार झालेली असतात, बाकीची अजून कूर्चेच्या रूपात असतात. अशा मनगटाला ठिपक्यांवरून ‘अ’ गिरवायला लावणं हे शिक्षण कसं म्हणायचं, हे मला कळत नाही. ‘अ’ मध्ये दोन अर्धवर्तुळं, एक आडवी रेघ, एक उभी रेघ आणि वरची शिरोरेघ आहे. मुलाला तर अजून वर्तुळ जमायचं आहे.

भाषेचं चित्र याच्या नेमकं उलट आहे. हाताला जे जमत नाही ते जिभेला आणि कानाला जमायला लागलेलं असतं. दीड वर्षापर्यंत मोजकेच शब्द असतात. दोनच्या सुमारास दोन शब्दांची जोडी लागते: ‘बाबा गेला’, ‘अजून पाणी’, ‘नको दूध’. मराठी मुलाला याच सुमारास एक अवघड गणित सोडवायचं असतं. बाबा आला, आई आली, बाळ आलं. ताट मोठं, वाटी मोठी, पेला मोठा. तीन लिंगं, त्यांच्याबरोबर बदलणारी क्रियापदं आणि विशेषणं. कोणीही कधी न शिकवता मूल हे तीन-चार वर्षांचं होईपर्यंत बहुतांशी आपलंसं करतं, आणि ते फक्त एकाच मार्गानं करतं: कोणीतरी त्याच्याशी, त्याच्याकडे बघून, चालू कामाबद्दल भरपूर बोलत असतं. ‘हा बघ भोपळा, केवढा मोठा! आता ही चिरली बघ फोड, पिवळी पिवळी.’ प्लेग्रुपमध्ये मात्र याच मुलाच्या कानावर ‘सिट डाउन’, ‘फिंगर ऑन युअर लिप्स’, ‘व्हेरी गुड’ अशी दहा-वीस तुटक वाक्यं दिवसभर पडत राहतात. इंग्रजी शिकायला माझी हरकत नाही. पण नुकतं बोलायला लागलेल्या मुलाच्या दिवसातले तीन तास आज्ञांच्या भाषेत घालवले, तर त्याचं मराठीही अडखळतं आणि इंग्रजीही येत नाही. आजीची अखंड बडबड त्या इंग्रजीपेक्षा किती तरी समृद्ध भाषाशिक्षण असते.

आता खेळ. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेनं १९३२ मध्ये मिनेसोटातल्या एका बालशाळेतल्या मुलांचं निरीक्षण करून मुलांच्या एकमेकांतल्या खेळाच्या पायऱ्या सांगितल्या: एकट्याचा खेळ, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापला खेळ, मग हळूहळू मिसळणं आणि शेवटी मिळून खेळणं. नंतरच्या अभ्यासकांनी तिच्या पायऱ्यांचा क्रम सैल केला, मुलं त्यांवर पुढेमागे होत राहतात असं दाखवलं. पण दोन वर्षांच्या मुलांबरोबर ज्यानं एक सकाळ काढली आहे त्याला ‘शेजारी बसून आपापला खेळ’ हे वर्णन लगेच पटेल. दोघं जण एकाच पातेल्याशी बसलेले असतात, एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकानं चमचा आपटला की दुसराही आपटतो. या मुलांकडून ‘शेअरिंग’ची अपेक्षा करणं म्हणजे हिरव्या कैरीकडून आमरसाची अपेक्षा करणं. ‘माझं’ हा शब्द त्यांना आत्ता कुठे सापडला आहे. तो हातात नीट बसल्याशिवाय ‘तुझं’ उमजणार नाही. जाणत्या ताईला याचा उपाय ठाऊक असतो. ती उपदेश करत बसत नाही, सारखीच चार पातेली ठेवते. आणि चावणाऱ्या मुलाला वाईट मूल म्हणत नाही. शब्द अपुरे पडले की दात येतात, हे तिला माहीत असतं. ती चावा बसलेल्या मुलाला आधी जवळ घेते आणि चावणाऱ्याला तो शब्द देते: ‘माझं आहे, असं म्हण.’

या वयाचा खेळ मोठ्यांना बऱ्याचदा खेळ वाटतच नाही. वाटीतलं पाणी पेल्यात, पेल्यातलं पुन्हा वाटीत. डब्यात कवड्या भरायच्या, ओतायच्या, परत भरायच्या. खुर्ची ढकलत घरभर न्यायची. उशीखाली चावी लपवायची आणि आपणच शोधायची. एक मुलगी फुलपात्रातलं पाणी बादलीत ओतत बसलेली मी अर्धा तास पाहिली आहे. दर वेळी ती थोडं उंचावरून ओतत होती आणि आवाज बदलला की थांबून बादलीत डोकावत होती. तिच्या शेजारी भिंतीवर फळांची छापील चित्रं टांगलेली होती. तिकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

दोनच्या पुढेमागे यात एक नवी गोष्ट येते. मूल रिकामा पेला तोंडाला लावून ‘चहा’ पितं, लाटणं कानाला धरून फोनवर बोलतं. एका वस्तूच्या जागी दुसरी उभी करण्याची ही शक्ती मानसशास्त्रज्ञ पियाजेला बुद्धीच्या नव्या टप्प्याची खूण वाटली. व्हिगॉट्स्कीनं काठीच्या घोड्याचं उदाहरण घेऊन दाखवलं की इथे अर्थ वस्तूपासून सुटा व्हायला लागतो. पुढे अक्षर हे ध्वनीच्या जागी उभं राहणार असतं, आकडा हा वस्तूंच्या जागी. म्हणजे वाचनाची खरी तयारी गिरवण्याच्या पुस्तकात नसून लाटण्याच्या फोनमध्ये चाललेली असते. आपल्याकडे याला भातुकली असं सुंदर नाव आहे आणि ती मोठ्या मुलींची गोष्ट समजली जाते. तिची सुरुवात मात्र इथे, एका रिकाम्या पेल्यापासून होते.

त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही, आणि हे मी गरिबीची समजूत घालायला म्हणत नाही. ब्रिटनमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड या बाईंनी पाळणाघरांसाठी ‘शोधखेळ’ सुचवला, त्यात विकतचं खेळणं जवळपास नसतंच: साखळ्या, झाकणं, पुठ्ठ्याच्या नळ्या, लोकरीचे गोळे, डबे, आणि शेजारी गप्प बसलेलं एक मोठं माणूस. आपल्या स्वयंपाकघराचा सगळ्यात खालचा कप्पा म्हणजे नेमकं हेच. सावंतवाडीची लाकडी फळं, लाकडी ठकी, पांगुळगाडा, खुळखुळा ही आपली जुनी खेळणीही याच जातीची. त्यांना बॅटरी नसते, म्हणून काम मुलाला करावं लागतं. बटण दाबलं की गाणारं खेळणं स्वतःच खेळतं आणि मूल बघत राहतं. तेच पडद्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दोन वर्षांच्या मुलाला बसून पडदा पाहणं दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं. त्याच मार्गदर्शिकेत या वयाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल आणि दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तासांची झोप सांगितली आहे. प्लेग्रुपच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावून त्यावर बालगीतं दाखवणं हे सोय म्हणून समजू शकतं, अध्यापन म्हणून नाही.

साधं खेळणं आणि बोलणारं माणूस यांची ताकद किती, याचा सर्वात बोलका पुरावा जमैकातून आला आहे. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली वाढ खुंटलेली १२९ मुलं, वय नऊ ते चोवीस महिने. १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे गट पाडले. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी वस्तीपातळीवरची आरोग्य सेविका दर आठवड्याला तासभर येई, घरगुती टाकाऊ वस्तूंची खेळणी आणी, आणि आईला मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते खेळूनच दाखवी. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी ती मुलं शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता त्यांची कमाई तो न पोहोचलेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या आहाराचा असा दूरवर टिकलेला परिणाम दिसला नाही. आपल्या अंगणवाडीतून दोन वर्षांच्या मुलासाठी घरी जाणारं ते पाकीट इथे आठवतं. पाकीट जायलाच हवं, पण त्याच्याबरोबर अजून काहीतरी त्या घरी जायला हवं.

आता सांभाळण्याकडे येतो, कारण माझ्या मते सारं तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर अनाथ बाळांसाठी एक घर सुरू झालं. एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिथल्या दायांना एक शिस्त लावली. लंगोट बदलणं, अंघोळ घालणं, भरवणं ही कामं उरकायची नाहीत. हात लावण्याआधी बाळाला सांगायचं की आता तुला उचलते आहे. त्याच्या उत्तराची, निदान त्याच्या नजरेची वाट पाहायची. बाहीत हात त्यानं घालावा म्हणून थांबायचं. एका मुलासाठी एकच दाई ठरलेली. बाकी वेळ मूल मोकळेपणी, आपल्या मनानं खेळे. संस्थेत वाढलेली मुलं मुकी, निर्विकार होतात असा तेव्हाचा अनुभव होता. इथली मुलं तशी झाली नाहीत. पिकलरबाईंचं म्हणणं साधं होतं: दिवसातून सहा-सात वेळा मूल आणि मोठं माणूस अगदी जवळ येतात ते या कामांत, मग माणसामाणसातलं नातं तिथेच विणलं जाणार.

आपल्या प्लेग्रुपमध्ये हे काम मावशी करते. टीचर शिकवते, मावशी शीला नेते. टीचरची खुर्ची वेगळी, पगार वेगळा, पालकसभेत बोलायचा हक्क वेगळा. मुलाला विचाराल तर ते मावशीचं नाव सांगेल. चड्डी ओली झाल्यावर ज्या हातांनी ते न लाजवता कोरडं केलं, ते हात त्याला आठवतात. अनेक ठिकाणी तर प्रवेशाची अटच असते की मुलाला शी-शू सांगता आली पाहिजे. दोन ते तीन या वर्षातच बहुतेक मुलं हे शिकतात, म्हणजे जे शिकायचं ते आधीच शिकून या, असा हा प्रकार झाला. भरवण्याचंही तसंच. डबा दहा मिनिटांत संपवायचा असतो, म्हणून मावशी घास कोंबते. चिऊचा घास, काऊचा घास असं म्हणत भरवणाऱ्या आजीनं मोजणं, वाट पाहणं, पक्ष्यांची नावं आणि एक नाट्य असं सगळं त्या वाटीत कालवलेलं असतं. ते दहा मिनिटांत मावत नाही. आणि हे लिहिताना एक गोष्ट ठासून सांगतो, कारण त्यात जीव जातो: या वयाच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याचे दाणे देऊ नयेत. मागच्या दाढा आलेल्या नसतात, दाणा श्वासनलिकेत जातो. मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येक जागी हे भिंतीवर लिहिलेलं असावं.

नातं असेल तिथे ताटातूटही असते. जून महिन्यात कोणत्याही प्लेग्रुपच्या दारात उभं राहा. मूल आईच्या ओढणीला लटकलेलं, आई रडवेली, कोणीतरी मुलाला उचलून आत नेतं आणि दार लागतं. ‘तुम्ही जा, रडून रडून गप्प होतं’, हे वाक्य तिथे हमखास ऐकू येतं. होतंच गप्प. पण गप्प होणं म्हणजे रुळणं असतं का? १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये एक मूकपट केला. लॉरा नावाची दोन वर्षं पाच महिन्यांची मुलगी आठ दिवसांसाठी इस्पितळात राहते. ती फार रडत नाही. शहाण्यासारखी वागते, आई भेटायला आली की तोंड फिरवते. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या ताटातुटीवरच्या कामाबरोबरच या चित्रपटानं इंग्लंडच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना मुलाच्या गप्प बसण्यातलं दुःख दाखवलं आणि लहान मुलांच्या वॉर्डांत आईबापांना राहू देण्याच्या चळवळीला बळ दिलं. प्लेग्रुप म्हणजे इस्पितळ नव्हे, संध्याकाळी आई परत भेटते. तरीही पाळणाघरातल्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजणाऱ्या अभ्यासांत एक गोष्ट दिसली आहे. घरी ते दिवसभरात उतरत जातं. पूर्ण दिवस पाळणाघरात राहणाऱ्या तीन वर्षांखालच्या बऱ्याच मुलांत ते दुपारकडे चढतं, आणि जिथे देखभाल निकृष्ट तिथे हे अधिक दिसतं. जर्मनीत बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाणारी रीत आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर खोलीतच बसतात, ताटातुटीचा प्रयत्नही होत नाही. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन पाहतात. रडणारं मूल नव्या ताईच्या कुशीत शांत होऊ लागलं, तरच वेळ वाढवायची. आपल्याकडे हे करायला पैसा लागणार नाही. दारातली एक सतरंजी आणि नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेली चार दिवसांची सूट पुरेल.

एका ताईकडे मुलं किती, यावर बाकीचं बरंचसं ठरतं. भारताच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणानं तीन वर्षांखाली दहा मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण सांगितलं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी हे चारास एक होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ते पाचास एक केलं, तेव्हा तिथे केवढा वाद झाला. दहा मुलांमागे एक बाई असेल आणि एकाची चड्डी बदलायला ती न्हाणीघरात गेली, तर नऊ जणांकडे कोण बघतं? ती मग नियम करते: सगळ्यांनी भिंतीला टेकून बसायचं. शिस्त म्हणून जे दिसतं ते कित्येकदा निव्वळ अपुऱ्या हातांचं गणित असतं.

आणि दर्जा सोडून नुसती संख्या वाढवली तर काय होतं, हेही पाहायला मिळालं आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानं १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर देऊ केलं. आया मोठ्या संख्येनं कामावर गेल्या, हा खरा फायदा. पण नंतरच्या अभ्यासात मुलांमध्ये आक्रमकपणा आणि चिंता वाढलेली आढळली. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा माग काढणाऱ्या मोठ्या सरकारी अभ्यासाचा निष्कर्षही साधारण याच दिशेचा: मूल पाळणाघरात जातं की नाही यापेक्षा तिथली माणसं त्याला किती प्रतिसाद देतात, त्याच्याशी किती बोलतात, हे जास्त महत्त्वाचं; आणि घराचा प्रभाव या सगळ्याहून मोठा. आयांनी घरी बसावं असा अर्थ यातून काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाळणाघर स्वस्त असायला हवं, पण ते चालवणारीला स्वस्तात राबवून ते होत नाही, असं मी यातून समजतो.

हे सारं परदेशी ज्ञान वाटत असेल तर आपल्याच मातीतली एक टेकडी आठवावी. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढलं. पण मध्यमवर्गाच्या मुलांपुरतं हे शिक्षण राहणार का, या प्रश्नानं त्यांना १९४५ मध्ये बोर्डीला नेलं. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये गेलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तिथली. मोठी मुलं गुरं घेऊन कुरणात जात, म्हणून कुरणशाळा. माँटेसरीची साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख, पानं, माती. आणि दिवसाची सुरुवात कशानं, तर मुलांना अंघोळ घालण्यानं, केस विंचरण्यानं, नखं कापण्यानं. बाहेरून येणाऱ्याला हे शिक्षणाआधीचं काम वाटे. ताराबाई-अनुताईंना ते शिक्षणच वाटत होतं.

कोसबाडची विकासवाडी मला या संपूर्ण प्रश्नाचं सर्वात शहाणं उत्तर वाटते. तिथे एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असं तिन्ही होतं. कारण अगदी व्यवहारी होतं: आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कंबरेवर भाऊ आहे. भावाला पाळणाघरात घेतलं की बहीण वर्गात बसते. दोन वर्षांच्या मुलाची व्यवस्था न करता मोठ्या मुलीच्या शिक्षणाचा हक्क पुरा होत नाही, हे त्यांनी शिक्षणहक्क कायद्याच्या कित्येक वर्षं आधी ओळखलं. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला देशभरासाठी बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव सरकारनं घेतलं. कोसबाडचं पाळणाघर मात्र मागेच राहिलं.

कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी कागदावर व्यवस्था कमी नव्हत्या. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती आणि ती पुढे तीसपेक्षा जास्त कामगार स्त्रिया असलेल्या कारखान्यांना लागू झाली. महाराष्ट्राच्या रोजगार हमीतून प्रेरणा घेतलेल्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर एका बाईला ती सांभाळायचीच मजुरी द्यावी असं लिहिलेलं होतं. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. असंघटित क्षेत्रातल्या बाईपर्यंत यातलं फारसं पोहोचलं नाही. जे पोहोचलं ते बहुधा संस्थांच्या हातून. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळच्या एका बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या बाळांसाठी तंबू उभारला. मोबाइल क्रेशेस ही संस्था तिथून जन्मली आणि काही वर्षांतच तिचं काम मुंबईच्या बांधकामांवर आलं. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगनं गावोगाव फुलवारी सुरू केल्या: सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातलीच बाई, दिवसातून काही वेळा ताजं खाणं, आणि आई रानात मोकळी. कुपोषणावरचा उपाय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट खेळघरही झाली, कारण मुलं एका जागी आली की खेळतातच.

खासगी प्लेग्रुपबद्दल प्रा. यशपाल यांच्या समितीनं १९९३ मध्येच इशारा दिला होता. बालवाड्या काढण्यावर आणि चालवण्यावर कायद्याचं नियमन हवं, नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलाखती आणि चाचण्या बंद व्हाव्यात, आणि लेखन-वाचन-अंकांचा भार टाकून लहान मुलांवर होणारी हिंसा थांबावी, असं त्यांनी म्हटलं. समितीनं हिंसा हाच शब्द जाणून वापरला होता. महाराष्ट्रात खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना शासनाच्या पोर्टलवर नोंदणी करायला सांगायला २०२५ उजाडलं. नोंदणीतून जागा, स्वच्छतागृह, कर्मचारी, कॅमेरे यांची माहिती मिळेल. सुरक्षेसाठी ती हवीच. पण आत मुलाशी कोण कसं बोलतं, हे कोणत्याही रकान्यात मावत नाही.

आशेच्या दोन गोष्टी अलीकडच्या आहेत. महाराष्ट्रात बालविकास विभागानं सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि युनिसेफ यांच्या साथीनं ‘आरंभ’ हा उपक्रम शून्य ते तीन वयासाठी आखला. त्यातले पालक मेळावे पाहण्यासारखे असतात. जत्रेसारखी मांडणी, एका कोपऱ्यात पाण्याची घंगाळी, एका कोपऱ्यात धान्य आणि चाळणी, कुठे कापडाच्या चिंध्यांची बाहुली, आणि बाबा मंडळीही मुलांसमोर उकिडवी बसलेली. दुसरी गोष्ट, मार्च २०२४ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं ‘नवचेतना’ हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना खेळातून चालना देण्याचा राष्ट्रीय आराखडा काढला. महिन्यागणिक करायच्या खेळांची त्यात ३६ महिन्यांची दिनदर्शिका आहे. शासनाच्या कागदावर दोन वर्षांचं मूल असं खेळताना दिसणं हेच मोठं आहे. अडचण सेविकेच्या घड्याळात आहे. तिला पोषणाच्या नोंदी मोबाइलवर भरायच्या, वजनं घ्यायची, आहार वाटायचा, मोठ्या मुलांची बालवाडी चालवायची. त्यातून गृहभेटीला जो वेळ उरतो तो दुपारचा, आणि दुपारी आई कामावर असते. तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. तिच्या हातात आणखी एक पुस्तिका देऊन जमैका घडणार नाही.

म्हणून ‘पाळणा’ योजनेतली अंगणवाडी-सह-पाळणाघरं मला या घडीला सर्वात लक्ष देण्याजोगी वाटतात. देशभरात अशी १७,००० केंद्रं करायचं केंद्र सरकारनं ठरवलं, आणि त्यांत नेहमीच्या सेविका-मदतनिसांखेरीज एक पाळणासेविका आणि एक तिची मदतनीस धरली आहे. म्हणजे कोसबाडच्या आवारातला सुटून गेलेला तुकडा पुन्हा जोडायची ही संधी आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यात आणि मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत तिची गरज सगळ्यात जास्त. तिथे गेल्यावर मी पुढच्या गोष्टी पाहीन. नळ मुलाच्या हाताला पोचतो का. झोपायला कोरडा, सावलीचा कोपरा आहे का. तळाच्या फळीवर मुलानं स्वतः ओढून घ्यावी अशी भांडी आहेत का. पाळणासेविकेला तिच्या प्रत्येक मुलाचं घरचं लाडाचं नाव माहीत आहे का. आणि केंद्र बंद होण्याची वेळ आईची कामावरून सुटण्याची वेळ पाहून ठरवली आहे, की कार्यालयाची?